कुत्रा कुठला घेऊ?

परवा चंद्रपूरहून भाच्याचा फोन आला. घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, पाहुणे परतले, आता एकच काम उरलंय म्हणाला. "मामाजी, कुत्रा कुठला घेऊ? हस्की घ्यावा म्हणतो. निळ्या डोळ्यांचा."

मला आधी हसूच आलं. मग त्याच्या घराची जागा आठवली आणि हसू गेलं. घर मोहर्लीच्या रस्त्याला, दुर्गापूरच्या बाजूला. एकीकडे वीजकेंद्राची धुराडी, दुसरीकडे कोळसा खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर आणि त्यावर माजलेली झुडपं. २०२२ साली याच भागात बिबट्यांचे हल्ले झाले, माणसं गेली, लोक रस्त्यावर उतरले. ज्यांनी चंद्रपूर पाहिलं नाही त्यांना सांगतो, तिथे वाघ बघायला ताडोब्याच्या गेटवर पैसे भरलेच पाहिजेत असं नाही. कधी कधी तो वीजकेंद्राच्या आवारातही दिसतो.

तर अशा ठिकाणी, जिथे मे महिन्यात पारा ४६-४७ ला टेकतो, तिथे हस्की!

सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची नावाचे लोक राहतात. बर्फावरून गाडी ओढायला त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जो कुत्रा जोपासला, त्याचा हा वंशज. थोडकं खाऊन लांबच्या लांब पळायचं, हे त्याचं काम. अंगावर दोन थरांचे केस, आत लोकर आणि वर राठ. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. विमान उडेना, बोट जाईना. तेव्हा वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी टप्प्याटप्प्याने हजारावर किलोमीटर बर्फ तुडवून साडेपाच दिवसांत सीरम पोचवलं. त्या कुत्र्यांबद्दल मला अपार आदर आहे. म्हणूनच त्यांच्या नातवंडांना चंद्रपूरच्या फरशीवर जीभ काढून पडलेलं बघवत नाही.

"एसी लावून देऊ की मामाजी," भाचा म्हणाला. चंद्रपुरात वीज तयार होते हे खरं, पण ती चंद्रपूरच्या घरात टिकेलच याची खात्री तिथल्या कुणाला विचारा. असो.

फोन ठेवल्यावर मात्र हा विषय डोक्यातून जाईना. आपण कुत्र्याची जात म्हणतो ती काय असते? मला वाटतं, प्रत्येक जात म्हणजे कुठल्या तरी काळी कुणाला तरी पडलेली एक अडचण. मेंढ्या आवरत नाहीत, बिळातला बिज्जू बाहेर येत नाही, जाळं पाण्यात निसटतं. ती अडचण सोडवणारी पिल्लं माणसाने निवडत नेली. पुढे अडचण संपली, कुत्रा उरला. (काम सुटलं तरी जात चिकटून राहते, हे आपल्याला काही नवीन नाही.) आणि हल्ली ज्या जाती आपण पुराणकाळापासून आल्यासारख्या मिरवतो, त्यांची कागदपत्रं फार जुनी नाहीत. कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला १८५९ साली भरलं, तिथला केनेल क्लब निघाला १८७३ ला. कुत्रा माणसाजवळ आला त्याला मात्र पंधरा हजार वर्षं तरी झाली असावीत.

आपण ज्याला अजून अल्सेशियन म्हणतो तो जर्मन शेफर्ड, नावाप्रमाणेच धनगराचा कुत्रा. माक्स फॉन श्टेफानिट्झ नावाच्या घोडदळातल्या निवृत्त कप्तानाने १८९९ साली एक कुत्रा विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच्यापासून ही जात बांधली. गंमत म्हणजे मेंढ्यांचे दिवस भरत आले हे त्याच्याच लक्षात आलं. मग त्याने आपला कुत्रा पोलिसांना आणि सैन्याला देऊ केला. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्द नकोसा झाला, म्हणून अल्सेशियन. ते नाव आपल्याकडे साहेबाबरोबर आलं आणि साहेब गेल्यावरही राहिलं.

डॉबरमनची गोष्ट तर फारच माणसासारखी आहे. लुई डॉबरमन हा जर्मनीतल्या अपोल्डा गावचा करवसुली करणारा माणूस. पैशाची पिशवी घेऊन फिरायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या. सोबतीला एक कुत्रा हवा होता, तो त्याने तयार केला. वसुलीवाल्याचा कुत्रा प्रेमळ असून कसं चालेल?

लॅब्रॅडॉर आला न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडून. गार पाण्यात उडी मारून दोर, जाळी, निसटलेले मासे आणून देणारा. वस्तू तोंडात अलगद धरायची आणि माणसाला आणून द्यायची, यातच त्याचा जीव. म्हणून तो शिकतो पटकन आणि म्हणून पोलिसांना आवडतो. पण त्याची दुसरी बाजू आहे भूक. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की दर चार लॅब्रॅडॉरमागे साधारण एकात एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्या कुत्र्यांना अन्नाची ओढ जास्त असते. आता आपल्याकडे काय होतं बघा. पाण्यात दिवसभर पोहण्यासाठी घडलेला हा गडी गच्चीवर बांधलेला असतो आणि येणारा-जाणारा त्याला पोळी, बिस्कीट, पेढा देत असतो. नागपुरातल्या माझ्या गल्लीत तीन आहेत. तिघेही मोढ्यासारखे.

पगबद्दल फार लिहीत नाही. चीनच्या दरबारात मांडीवर बसणं हे त्याचं काम होतं. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत तो एका मुलाच्या मागे मागे चालला आणि आख्ख्या देशाला वेड लागलं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. ज्याचं नाकच आत दाबलंय त्याने विदर्भाच्या उन्हात धापा तरी कशा टाकायच्या?

हे सगळं परदेशी झालं असं वाटत असेल तर आपल्याकडे कारवानी आहे. लातूर, नांदेड, सोलापूर, सांगली या पट्ट्यात जोपासलेला, कर्नाटकात मुधोळ म्हणून ओळखला जाणारा. हाडं दिसतील असा सडपातळ, लांब तोंडाचा. २००५ साली पोस्टाने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात मुधोळ होता, आणि पंतप्रधानांनी २०२० च्या ऑगस्टमध्ये आकाशवाणीवर त्याचं नाव घेतल्यापासून त्याचे भाव चढले. सुंदर जनावर आहे. पण हा माळरानाचा कुत्रा. नजरेने सावज हेरायचं आणि वाऱ्यासारखं सुटायचं. आमच्या झाडीपट्टीत बांबूच्या रानात नजर दहा हातांपलीकडे जात नाही. तिथे तो काय पाहणार आणि कुठे पळणार?

गडचिरोलीत जो परदेशी कुत्रा खऱ्या अर्थाने कामाला आला तो बेल्जियन मॅलिनॉय. मेलिन हे बेल्जियममधलं गाव, त्यावरून नाव. मूळचा हाही मेंढ्यांचाच. अल्सेशियनपेक्षा हलका, चपळ, दमाचा. केंद्रीय राखीव पोलीस दलाने तो नक्षलग्रस्त भागासाठी मोठ्या संख्येने तयार केला, बंगळुरूजवळ तरळू इथे त्यांची शाळा आहे. गस्तीच्या तुकडीपुढे चालायचं, वाटेत पुरलेल्या स्फोटकाचा वास घ्यायचा आणि वास लागला की न भुंकता जागेवर बसायचं. आवाज झाला तर पुढच्या झाडीत दबा धरलेल्याला कळतं, म्हणून भुंकणं बंद. हे काम किती मोलाचं ते समजायला १ मे २०१९ आठवावा. कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये छत्तीसगड-तेलंगणाच्या सीमेवरच्या डोंगरात रोलो नावाची दोन वर्षांची मॅलिनॉय कुत्री गेली, तीही बॉम्बने नाही. मधमाश्या उठल्या आणि दोनशेच्या आसपास डंख बसले. बेल्जियमच्या कुरणात जिच्या पूर्वजांनी मेंढ्या वळल्या, ती आपल्या रानात आग्या मोहोळाने मेली. कुणाला कुठे मरण यावं!

याच मॅलिनॉयचे व्हिडिओ बघून माझ्या एका मित्राने फ्लॅटमध्ये पिल्लू आणलं. वर्षभरात सोफा फाडला, दार कुरतडलं, मग हॉलमध्ये गोल गोल फिरायला लागलं. शेपटी धरायला. तासन्‌तास. मित्र म्हणायचा, वेडा कुत्रा गळ्यात मारला. मला वाटायचं, कुत्रा वेडा नाही, बेकार आहे.

आता इथे माझ्याच म्हणण्याला एक चिमटा काढला पाहिजे. २०२२ साली अमेरिकेत अठरा हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास छापून आला. एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातला फरक जातीवरून किती सांगता येतो, तर साधारण ९ टक्के. म्हणजे जात शरीर देते, अंगावरचे केस देते, थोडा कल देते. बाकीचा स्वभाव ज्याचा त्याचा, आणि आपण त्याला कसं ठेवलं त्याचा. हे वाचलं तेव्हा मला भुऱ्या आठवला. त्याला तर जातच नव्हती.

माझं लहानपण सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, आजा शेती करायचा, धानाच्या सात-आठ बांध्या. भुऱ्या आमचा गावठी कुत्रा. गावठीला इंग्रजीत पराया म्हणतात, आणि तो शब्द तमिळनाडूतल्या एका जातीच्या नावावरून इंग्रजांनी उचलला. म्हणजे बिनजातीच्या कुत्र्यालाही जात लावलीच! भुऱ्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. धान निसवलं की आजा रात्री जागलीला जायचा आणि भुऱ्या त्याच्या पुढे. रानडुक्कर आलं तर तो उड्या मारमारून भुंकायचा, मागे धावायचा. अनोळखी माणसाला वेगळं भुंकायचा, लांबून, थांबून थांबून. आणि वाघ किंवा बिबट जवळपास असला तर भुंकायचाच नाही. शेपूट आत, कान मागे, गळ्यातल्या गळ्यात गुरगुर, आणि सरळ आज्याच्या पायात शिरायचा. आजा म्हणायचा, "कुत्र्याचं भुकनं आयकू नोको पोरा, त्याचं गप होनं आयक." घरी ओसरीवर आज्याची खाट असायची. रात्री असं काही झालं तर भुऱ्या खाटेखाली घुसून खालून धक्के द्यायचा. आजा उठायचा, कंदील मोठा करायचा, डबा वाजवायचा.

मी सहावीत असताना वनखात्याच्या क्वार्टरमध्ये नवे रेंजर आले. त्यांच्याकडे अल्सेशियन होता. पट्टा, चकचकीत साखळी, 'सिट' म्हटलं की बसायचा. आम्ही पोरं तारेच्या कुंपणाला लटकून बघायचो. मला भुऱ्याची लाज वाटायला लागली. खाजेने केस गेलेले, एक कान फाटलेला, गावभर हुंगत फिरणारा. दिवाळीत मामाने दिलेल्या पैशांतून मी सिंदेवाहीच्या बाजारातून पट्टा आणि साखळी आणली. भुऱ्याला 'सिट' शिकवलं, तो काही बसला नाही. मग रात्री साहेबांच्या कुत्र्यासारखा त्याला बांधायला लागलो, गोठ्याच्या खांबाला. आई एकदा म्हणाली, कशाला बांधतोस त्याला. आजा काही बोलला नाही. पोराची हौस म्हणून असेल.

चौथी का पाचवी रात्र असेल. आम्ही कुणीच काही ऐकलं नाही. सकाळी खांबाला साखळी होती, साखळीला पट्टा होता. अंगणात थंडीच्या दिवसातली बारीक धूळ असते, तिच्यात नखांच्या रेघा होत्या. सगळ्या ओसरीच्या दिशेने. साखळी जिथवर ताणता येत होती तिथवर. तिथून आज्याच्या खाटेपर्यंत चार हातांचं अंतर होतं. मी नंतर मोजलं.

आजा एवढंच म्हणाला, "मोकडा असता त खाटेखाली आला असता."

तो मोकळा असता तर वाचलाच असता असं मी म्हणत नाही. बिबट्या गावात येतो तो बऱ्याचदा कुत्र्यासाठीच. आपल्याच राज्यात अकोल्याकडे, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, विद्या अत्रेय यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यांच्या खाण्यात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. मोकळी कुत्रीही मरतात. पण बांधलेल्या कुत्र्याकडून आपण त्याचं एकमेव हत्यार काढून घेतो, ते म्हणजे पाय. आणि भिंतीचा आडोसा नसलेल्या अंगणात बांधलेला कुत्रा, मग तो हजार रुपयांचा असो की पन्नास हजारांचा, बिबट्याला सारखाच.

मग मोकळे सोडावेत का? तेही नाही, आणि हे म्हणायला मला जड जातं. जंगलाच्या कडेची मोकळी कुत्री चितळाची पाडसं धरतात, आणि त्याहून वाईट म्हणजे रोग नेतात. कुत्र्यांचा डिस्टेम्पर १९९४ साली आफ्रिकेत सेरेंगेटीत शिरला आणि हजाराच्या आसपास सिंह गेले. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह महिन्याभरात मेले, त्यातही हाच विषाणू सापडला. ताडोब्यात वाघांशिवाय कोळसून आहेत. रानकुत्रे. तांबूस, झुपकेदार काळ्या शेपटीचे, भुंकण्याऐवजी शीळ घालून एकमेकांना बोलावणारे. जिप्सीतल्या पर्यटकांना वाघ दिसला नाही म्हणून ते यांच्याकडे बघत नाहीत. कोळसून घरच्या कुत्र्याचा लांबचा नातलग, त्याच्या खालच्या जबड्यात दर बाजूला एक दाढही कमी असते. पण रोग मात्र दोघांना तेच होतात. कळपाने राहणारं जनावर, एकाला लागलं की सगळ्यांना. आपल्या दारातल्या कुत्र्याला टोचलेली सुई जंगलातल्या कळपापर्यंत पोचते, ती अशी.

संध्याकाळी मीच भाच्याला फोन लावला. म्हटलं, हस्की नको, मॅलिनॉय नको, आणि गावठी आण असंही मी म्हणत नाही. आधी तुझं काम काय ते ठरव. बिबट्याची वर्दी हवी असेल तर कुठल्याही कुत्र्याचं नाक आणि कान पुरेत. पण कुत्रा आणायच्या आधी त्याची रात्रीची खोली बांध. चार भिंती, वर स्लॅब, लोखंडी जाळीचं दार, आतून तुझ्या घराला लागून. अंधार पडला की आत. आणि डिस्टेम्पर, रेबीजच्या लसी. तुझ्या कुत्र्याला तर आहेतच, तुझ्या गल्लीतल्या चार कुत्र्यांनाही दे.

"चार भिंती अन्‌ स्लॅब म्हणजे तीस-चाळीस हजार गेले, मामाजी," तो म्हणाला. "कुत्रा आत झोपणार तर राखण कोण करणार?"

म्हटलं, आतून करेल. भुंकेल. आणि एखाद्या रात्री भुंकता भुंकता गप झाला तर तू उठ आणि सगळे दिवे लाव.

मग त्याला भुऱ्याचं सांगितलं. घरात आजवर मी कुणाला ते अंतर मोजल्याचं सांगितलं नव्हतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अन्‌ त्या साखळीचं काय झालं?"

आज्याने ती विहिरीच्या बादलीला लावली. मी कॉलेजला नागपूरला गेलो तेव्हाही तीच होती.